हलगी बाहेरच राहिली

आमच्या पिंपरीच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गेली एकोणीस वर्षं मी पेटी वाजवतो. एसटीत होतो तेव्हा ड्युटीमुळे बुडालेले रविवार सोडले तर एकही चुकवलेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे थोडी घरातलीच उणीदुणी निघणार आहेत.

गेल्या पावसाळ्यात एक मिझो पोरगी उपासनेला यायला लागली. जवळच्याच एका इस्पितळात नर्स आहे. मराठी चार शब्द, हिंदी कामापुरती. पण गळा असा, की पहिल्या रविवारी तिसऱ्या बाकावरून वेगळाच सूर निघाला तेव्हा मला वाटलं, कोणाचा तरी मोबाईल वाजतोय.

उपासना सुटल्यावर पेटीजवळ आली. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा अभंग झाला होता, तो तिला लिहून हवा होता. दानार्पणाच्या पावतीच्या पाठीवर तिनं भराभर अक्षरं मांडली: डी, आर, एम. तिकडे मिझोरामात वेल्श मिशनऱ्यांनी ही सोल्फाची, म्हणजे सूर अक्षरांनी लिहायची, पद्धत नेली. तिच्या गावात म्हणे बायाबापड्यासुद्धा ती वाचून चार आवाजांत गातात. दुसऱ्या ओळीवर पेन्सिल थांबली. "अंकल, ये वाला तो दो सुरों के बीच में है." तिथे मींड आहे, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं. पेटीवरही ती नीट निघत नाही; मी दोन पट्ट्या चोरून दाबतो आणि बाकीचं गळ्यावर सोडतो. तिनं त्या जागी नुसती एक वेलांटी काढली आणि पुढे गेली.

आमच्याकडे गीतं दोन जातींची. एक भाषांतरातली, साहेबांच्या चालींवरची. त्या चाली मात्रेच्या आधीच उठतात, म्हणून 'देवा' म्हणताना 'दे' भुर्रकन उडतो आणि सगळं वजन 'वा'वर पडतं. दे-वाऽऽ. कोणाला हाक मारतोय तेच कळू नये. लहानपणापासून तसंच गातोय म्हणून खटकत नाही इतकंच. दुसरी जात अभंगाची. सहा, सहा, सहा, चार अक्षरं, साचा तुकोबांचाच. राहुरी-नगरकडे कृष्णराव सांगळ्यांनी १८६०च्या दशकात ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, आणि १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले ना. वा. टिळक नगरला आले तेव्हा या वाटेवर गर्दी झाली. माझे आजोबा वडाळा मिशनच्या शाळेत शिकले आणि पुढे नेवासे तालुक्यातच मिशनचे मास्तर झाले. अक्षरं शिकवायची, रविवारी वचन सांगायचं. ते म्हणत, अभंग गाताना गावातले वारकरीसुद्धा दाराशी थांबायचे. आत येत नसत, पण थांबायचे.

तर ही पोरगी पेटीजवळ रुळली. तिनं तिकडच्या ढोलाची गोष्ट सांगितली. खुआंग म्हणतात त्याला. मंडळी नवी होती तेव्हा खुआंग चर्चबाहेर, कारण तो जुन्या गाण्यांचा आणि तांदळाच्या दारूच्या बैठकांचा. मग १९१९-२० च्या संजीवनात, म्हणजे धर्मजागृतीच्या लाटेत, तो आत आला, आणि आता त्याच्याशिवाय रविवार होत नाही. शिवाय त्यांच्या बाया १९१० पासून दर स्वयंपाकाला मूठभर तांदूळ बाजूला काढतात, बुहफाई थाम, आणि त्यावर मंडळीची कामं, मिशनऱ्यांचे पगारसुद्धा चालतात. मी म्हटलं, अगं, हा तर मुष्टिफंड! आमची आजी ज्वारी काढायची. ती हसली, पण शब्द काही तिला कळला नसावा.

मग तिनं विचारलं, "आपका ड्रम कौन सा है, अंकल?"

मी तबल्याकडे बोट दाखवलं. बोट दाखवतानाच ते खोटं वाटलं. तबला आमचा नव्हे. टिळक कोकणस्थ ब्राह्मण, त्यांच्या अभंगामागे टाळ-मृदंग आला, पेटी आली, नंतर तबला. आमचं घराणं मांगवाड्यातलं. आमच्या घरात हलगी होती. आजोबांच्या वडिलांची, भिंतीच्या खुंटीला टांगलेली.

एवढ्यावरून मिशनरी मडमेनं बंदी घातली असं समजू नका. बंदी आजोबांनी घातली. ती हलगी हौसेची नव्हती. गावात कोणी मेलं, देवीची जत्रा निघाली, पाटलाकडे लग्न असलं की बोलावणं यायचं, आणि ते बोलावणं नाकारायची सोय नव्हती. मोबदल्यात शिळं वाढायचे. बाप्तिस्मा झाल्यावर आजोबांनी पहिलं काम हे केलं, की हलगी उतरवून गोठ्यात टाकली. मला आठवतं, एकदा नाताळच्या मिरवणुकीत गल्लीतल्या पोरांनी हौसेनं हलगी आणली तर आजी अंगणात येऊन कडाडली, "आमच्या हातची सुटली ती पुन्हा घेऊ नका रे." पोरं थाळ्या वाजवत गेली.

हे सगळं मला हिंदीत सांगता येईना. 'जबरदस्ती' एवढाच शब्द सुचला. तिनं मान हलवली. त्यांचा ढोल त्यांनी स्वतःच्या आनंदाला वाजवला होता, म्हणून परत घेता आला. आमच्या मंडळीतली तरुण मंडळी आता गिटार नि कीबोर्डवर आहेत, त्यांना हलगी म्हणजे विसर्जनाची डीजेपूर्वीची गंमत. कमिटीत मी एकदा, एकदाच, नाताळला हलगी लावू म्हणालो. एका ज्येष्ठांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुढचा विषय घेतला. त्यांचंही चुकलं नाही. त्यांच्याही घरी खुंटी होती.

सप्टेंबरात, गणपतीच्या दिवसांत, संध्याकाळी आमचा सराव चालू होता. बाहेरून मिरवणूक आली आणि यंदा कोणीतरी खरीखुरी हलगी आणली होती, तापवलेली, कडक. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. सगळे वैतागून थांबले. ती पोरगी मात्र बाकाच्या फळीवर बोटांनी ठेका धरून बसली, अगदी बरोबर, तिहाईसकट. माझा एक हात पट्ट्यांवर, दुसरा भात्यावर होता. मिरवणूक कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी भाता हलवला नाही.