तुम्ही विचारलेत म्हणून : फ्रेंच क्रियापदाची अक्षरे किती आणि आघात (उच्चारातला जोर) कुठे?

आघाताचे उत्तर मी शंभरदा दिले आहे: फ्रेंच क्रियापदाला स्वतःचा असा आघात नसतोच. नुसते ‘इल पार्ल्’ (तो बोलतो) म्हटले तर तो ‘पार्ल्’वर पडतो, पण पुढे ‘फ्रांसे’ आले की सरकून ‘से’वर जातो, कारण तो एका दमात म्हटलेल्या शब्दसमूहाच्या शेवटच्या उच्चारित अक्षरावर बसतो. विद्यार्थ्यांना हे पटत नाही. त्यांना वहीत खूण करायला एक कायमची जागा हवी असते.

अक्षरे पाडण्याचा प्रश्न मात्र मी टाळतो, आणि त्यामागे एक उत्तरपत्रिका आहे. ‘ते बोलतात’ या अर्थाचे रूप सात रोमन वर्णांनी (parlent) लिहितात. त्याच्या उच्चारात अक्षरे किती, या प्रश्नाला एका मुलीने ‘एक’ असे उत्तर लिहिले. मी लाल रेघ मारून ‘दोन’ केले. ती उत्तरपत्रिका घेऊन आली आणि म्हणाली, “सर, कॅसेटवर तर ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ ही दोन्ही रूपे सारखीच ऐकू येतात.” मी भर वर्गात तिला सांगितले, की कानांवर विसंबू नकोस, लिहिलेले पाहा. त्यानंतर वर्षभर ती मोठ्याने वाचताना शेवटचे तिन्ही मूक वर्ण निष्ठेने उच्चारत राहिली, आणि तोंडी परीक्षेत तिचे गुण नेमके त्यावरच गेले. तिने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते.

मी अगदीच चुकलो होतो, असे मात्र मला आजही म्हणवत नाही. कागदावर त्या रूपाचे दोन तुकडे होतातच, आणि जुन्या बारा अक्षरी फ्रेंच काव्यपंक्तीत पुढे व्यंजन आले तर ते दोनच मोजतात. आपणही ‘करतो’ हा शब्द बोलताना ‘कर्-तो’ म्हणतो, पण द्रुतविलंबित वृत्तात त्याची तीन अक्षरे धरतो. पण मग त्या वेळच्या मला विचारावेसे वाटते, की प्रश्नात ‘उच्चारात’ हा शब्द तूच घातला होतास ना? वर्ण आणि उच्चाराचा घटक या दोहोंना मराठीत ‘अक्षर’च म्हणतात, ही सबब मला फार उशिरा सुचली.

शिवाय आघात नसतो म्हणून मी हात झटकतो, तेही पूर्ण खरे नाही. ‘मी येतो’साठी ‘व्ह्यँ’ आणि ‘आम्ही येतो’साठी ‘व्हनों’ असा स्वर बदलतो तो लॅटिनमध्ये आघात एकदा धातूवर आणि एकदा प्रत्ययावर पडत असे म्हणून.

यंदा एकाने ‘दोन’ लिहिले आहे. त्याचे गुण मी अजून भरलेले नाहीत.