बाबांचा लॅपटॉप सात मिनिटांनी चालू व्हायचा, त्याची गोष्ट

दिवाळीला घरी गेलो तर सकाळी बघतो काय, बाबांनी लॅपटॉपचं बटण दाबलं आणि टॉवेल घेऊन सरळ आंघोळीला गेले. मी म्हटलं हे काय, तर आई म्हणाली, "रोजचंच आहे, ते येईपर्यंत तो चालू होतो."

लॅपटॉप 2017चा, विंडोज 10, आत साधी, फिरणाऱ्या चकतीची, 5400 आरपीएमची (मिनिटाला 5400 फेरे) हळू हार्डडिस्क. बाबा त्यावर सोसायटीचा हिशेब ठेवतात आणि मराठीत नोटिसा टाइप करतात, बास. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर स्टॉपवॉच लावून बसलो. डेस्कटॉप दीड मिनिटात आला पण एक्सेलची फाईल उघडेपर्यंत 7 मिनिटं 10 सेकंद, आणि तोवर ते गोल गोल फिरतंय. ओळखीच्या दुकानदाराने फॉरमॅट मारायला सांगितलं होतं, पण मला ते पटेना.

कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला, मोर डिटेल्स, मग स्टार्टअप टॅब, म्हणजे लॅपटॉपबरोबर आपोआप चालू होणाऱ्या गोष्टींची यादी. वर कोपऱ्यात लास्ट बायॉस टाइम 8.4 सेकंद, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीचं सगळं ठीक, घोळ नंतरचा. खाली यादी बघून हसूच आलं, 14 गोष्टी एनेबल्ड! तीन वर्षांपूर्वी भंगारात दिलेल्या प्रिंटरचं अपडेट बघणारं काहीतरी, लॉकडाऊनमधलं व्हिडिओ कॉलचं ॲप, जुन्या फोनचं सिंक, भाच्याने टाकलेलं गेमचं काहीतरी... सगळे एकाच दमात त्या बिचाऱ्या हार्डडिस्कवर तुटून पडणार, मग डिस्क 100 टक्के दाखवणार नाहीतर काय.

मी जोशात एकेकावर राइट क्लिक करून सगळंच डिसेबल केलं. डिसेबलने प्रोग्राम उडत नाही, फक्त आपोआप चालू होत नाही, त्यामुळे बिनधास्त होतो. तर सकाळी बाबांची हाक, "अरे, माझं मराठी गेलं!" त्यांचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर पण त्याच यादीत होतं, पब्लिशरचा रकाना रिकामा दिसला म्हणून मला ते संशयास्पद वाटलेलं. बरं त्याचा इम्पॅक्ट, म्हणजे सुरू होताना पडणारा भार, त्याच यादीत होता लो, म्हणजे बंद करून काही वाचलंही नसतं. हाय लिहिलेलं बघूनही फार घाबरायचं नाही म्हणा, स्टार्टअपला 3 एमबीपेक्षा जास्त डिस्क वापरली किंवा सीपीयूचा एक सेकंद जास्त खाल्ला की लगेच हाय लागतं. टायपिंगचं परत एनेबल केलं.

एवढं करून वेळ आली साडेचार मिनिटांवर. अजून काहीतरी होतंच. ॲप्सच्या यादीत बघितलं तर दोन अँटीव्हायरस! एक बाबांनी विकत घेतलेला, दुसरा लॅपटॉपबरोबर आलेला, ट्रायल कधीच संपलेली, तरी बसून होता. हे प्रकरण सर्व्हिस म्हणून, म्हणजे विंडोजबरोबर मागच्या मागे चालतं त्यामुळे स्टार्टअप टॅबमध्ये बंद करून भागत नाही, अनइन्स्टॉलच करावा लागला. तिथे सरळ दीड मिनिट सुटलं.

मग टास्क मॅनेजरच्याच परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूवर गेलो तर अप टाइम, म्हणजे विंडोज नव्याने सुरू होऊन झालेला वेळ, 23 दिवस. बाबा म्हणाले, "अरे मी रोज शटडाउन करतो!" करत होतेच ते, पण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवून ठेवला जातो, खरं नव्याने सुरू होतं ते रीस्टार्ट केल्यावरच. मी तो बंद नाही केला, हार्डडिस्कवाल्या मशीनला त्याचा फायदाच होतो. फक्त दर रविवारी रीस्टार्ट मारा एवढं सांगून आलो.

परवा फोनवर विचारलं तर 2 मिनिटं 40 सेकंद म्हणाले, आता स्वतःच घड्याळ लावून बघतात. मी म्हटलं हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकून देतो, अजून झटकन होईल. तर म्हणे, "राहू दे रे, आंघोळ तरी नीट करू दे."