देवयानीचा शाप, खाजनातल्या शेतात

मंडळी, कच-देवयानीवरची माझी विज्ञानकथा अखेर शापापर्यंत पोचली. कचाचं येणं, शुक्राचार्यांची प्रयोगशाळा, असुरांचे घातपात हे सगळं भराभर लिहून झालं. कचाची राख मात्र मी शुक्राचार्यांना हुर्राकातून, म्हणजे काजूच्या ताज्या दारूतून पाजली. एप्रिलमध्ये गोव्यात दुसरं काय पाजणार? खाडिलकरांनी १९१३च्या 'विद्याहरण' नाटकात दारूचा मुद्दा इतका रंगवलाय, की मी तिथे थांबलोच नाही.

अडलं ते शापापाशी. प्रेमापायी शक्ती गमावणं हा विज्ञानकथेतला ठरलेला मसाला. नायक विरघळला, की पुढच्याच पानावर त्याची यंत्रं ठप्प! मला हा आळशीपणा वाटतो. आदिपर्वातली देवयानी बघा. कचाने गुरूच्या पोटात राहून, त्यांचं पोट फाडून बाहेर येऊन मिळवलेली संजीवनी. कच लग्नाला नाही म्हणतो, कारण त्या पोटातून आल्यामुळे ती आता बहीण. ती शापते, ही विद्या तुला फळणार नाही. तो म्हणतो, बरं, मी शिकवीन त्याला तरी फळेल. विद्या शाबूत, फक्त त्याच्या हाताला यश नाही.

कर्णाला शापही असाच नेमका: ब्रह्मास्त्र आठवणार नाही, ते ऐन वेळी. उर्वशीची एक अट, पुरूरवा तिला नग्न दिसू नये. गंधर्व मेंढे पळवतात, तो अंथरुणातून तसाच उठून धावतो आणि वीज चमकते. ही सगळी करारातली कलमं आहेत, आणि विज्ञानकथेला अशीच कलमं लागतात. (आपल्या म्हार्दोळची महालसा म्हणजे मोहिनी. तिच्यापुढे भस्मासुराचा वर जात नाही, त्याच्याच डोक्यावर उलटतो. तो प्रकार वेगळ्या कथेसाठी राखून ठेवलाय.)

माझी संजीवनी म्हणजे खाऱ्या पाण्याने मेलेली माती जिवंत करणारं जिवाणूंचं विरजण. जागा गोव्यातल्या जुवारी नदीकाठचं खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन. बांध फुटलाय, मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाणदाराचं, दार भरतीला मिटत नाही, शेतात मिठाची पांढरी साय धरलीय. कच दुसऱ्या कंपनीने पाठवलेला शिकाऊ.

देवयानीचा शाप म्हणजे या विरजणाला कचापुरतं लावलेलं कुलूप. ते आधी अंगठ्याच्या ठशाचं होतं. ते काढून टाकलं. असलं कुलूप तिसऱ्या परिच्छेदात कुणीही फोडेल. आता तिने विरजणातच खोड घातलीय. प्रत्येकाच्या कातडीवरची जिवाणूंची वस्ती वेगळी असते, हे खरं विज्ञान. कचाच्या तळहातावरची वस्ती ओळखली, की विरजण मरतं. ही ओळख माझी कल्पना, पण पटण्याजोगी.

परवा तो प्रसंग लिहिला. कच बांधावर उभा, हात मागे बांधलेले. खाली चिखलात एक म्हातारी शेतकरीण. तो नुसता सांगतोय: "मावशे, अजून पातळ कर. आता मुळाशी सोड." ती वैतागून म्हणते, "तुका इतकें कळटा जाल्यार तूंच देंव मरे सकयल!" (इतकं कळतं तर तूच उतर की खाली!) तो काहीच बोलत नाही. कोरगुट या खाजनातल्या भाताचे कोंब तिच्या ओळीत येतात. त्याने स्वतः हात लावलेली ओळ पांढरीच राहते.

उरलाय तो कचाचा उलटा शाप, ऋषिपुत्र तुला वरणार नाही हा. आजच्या कथेत तो तसाच ठेवला तर देवयानी पुन्हा लग्नापुरतीच उरते, आणि काढला तर कच नुसताच सोशीक संत होतो. सध्या तिलाही विद्येचंच कलम लावून बघतोय: कुलूप तिने केलेलं, पण ते उघडणं तिला कधीच जमणार नाही. यातून शर्मिष्ठेकडे वाट निघते का, ते पुढच्या नोंदीत.