८४ एमबीची पेटी

आधीच सांगतो: कंटेनर इमेज (ॲप आणि ते चालायला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पार्सल) रजिस्ट्रीवर, म्हणजे अशा इमेजच्या गोदामावर, चढायला वेळ लागत असेल, तर इंटरनेटवाल्याला फोन लावण्याआधी पुशचं, म्हणजे चढवायच्या कमांडचं, आउटपुट नीट वाचा. मी वाचलं नाही. त्यात २०२५ च्या मे महिन्यातले नऊ दिवस गेले.

आम्ही दोघं रत्नागिरीत बसून सॉफ्टवेअर करतो. हे काम एका आंबा व्यापाऱ्याचं. कुठल्या बागेतून किती पेट्या आल्या, वाशीला कुठल्या गाडीने गेल्या, काय भाव लागला आणि शेवटी बागायतदाराच्या हातात पडणारी हिशोबाची पट्टी. भाषा जावा, फ्रेमवर्क स्प्रिंग बूट, कोड बांधायला मेव्हन. सर्व्हर मुंबईला, इमेजची रजिस्ट्रीही तिथेच. कोड बाहेरच्या कुठल्याही सेवेवर ठेवायचा नाही ही गिऱ्हाइकाची अट, म्हणून जेन्किन्स (बिल्ड आपोआप चालवणारं साधन) आमच्याच ऑफिसात, टेबलाखालच्या जुन्या डेस्कटॉपवर.

आधी सगळं हातानेच चालायचं. पॅकेज करा, म्हणजे कोडची जार ही एक फाइल बनवा, डॉकर या साधनाने तिची इमेज बिल्ड करा, आवृत्तीचा टॅग लावा, पुश करा. एकदा टॅग चुकला आणि गेल्या आठवड्याचीच इमेज पुन्हा लाइव्ह गेली. मग ठरवलं, जार बनते तिथेच इमेजही बनली पाहिजे. पोममध्ये (प्रोजेक्टच्या मेव्हन-फाइलीत) इमेज बनवणारा प्लगइन घातला, पॅकेज फेजला, म्हणजे जार बनवायच्या टप्प्याला, बांधला, दुपारभरात काम झालं. (पॅकेजला बांधू नका. कुणी टेस्टसाठी साधं पॅकेज केलं तरी इमेज बनत बसते. डिप्लॉय फेजला न्या, नाहीतर वेगळं प्रोफाइल करा.)

आणि पाऊस आला. त्या वर्षी मोसमी पाऊस २५ मेलाच तळकोकणात उतरला, पण त्याआधीचे चार-पाच दिवसही धो धोच होता. झाडावरचा माल गेला, जो तो हिशोब मिटवायला आला, आणि पट्टीत एक वजावट चुकीची लागतेय असं नेमकं तेव्हाच लक्षात आलं. दुरुस्ती एका ओळीची. कोड लिहायला दोन मिनिटं, आणि इमेज चढायला?

फायबर बंद. मोबाइलचं हॉटस्पॉट खिडकीच्या गजाला टेकवून ठेवलं तर अपलोड कसाबसा अर्धा एमबीपीएस. बावीस-तेवीस मिनिटं लागायची, तीही मध्ये काही तुटलं नाही तर. तुटायचंच. ऐंशी टक्क्यांवर आलं की 'रिट्राइंग इन ५ सेकंड्स', आणि तो लेयर (इमेज थरांची बनते, त्यातला एक थर) पुन्हा शून्यापासून. तशात लाईट जायची. इन्व्हर्टरवर राउटर होता, जेन्किन्सचा डेस्कटॉप नव्हता. (तो आधी इन्व्हर्टरवर घ्या.) तिकडून व्यापाऱ्याचा दर तासाला फोन, "झालं का हो?" काय सांगणार? सत्तर टक्के झालंय म्हणून?

पहिला संशय अर्थात इंटरनेटवर. तीन वेळा तक्रार नोंदवली, दोन वेळा लाइनमन येऊन गेला, एकदा चहाही पिऊन गेला.

दुसरा संशय बेस इमेजवर, म्हणजे ज्या तयार इमेजवर आपली रचतो तिच्यावर. एवढी मोठी कशाला, म्हणून अल्पाइन या छोट्या लिनक्सवाली घेतली. इमेजचा आकार खरंच घटला, मी खूश. सर्व्हरवर चढवली आणि पट्टीची पीडीएफच निघेना. जावाला अक्षरं काढायला फॉन्टकॉन्फिग (फॉन्ट शोधून देणारी लायब्ररी) आणि एखादा तरी फॉन्ट लागतो, अल्पाइनमध्ये दोन्ही नसतात. ते घातले तर देवनागरीच्या जागी चौकोन. मग देवनागरी फॉन्ट शोधा, घाला, पुन्हा चढवा. यात दोन दिवस गेले, आणि पुशचा वेळ? मिनिटभरानेसुद्धा कमी झाला नाही. होणारच नव्हता. बेसचे लेयर रजिस्ट्रीवर एकदा चढले की पुन्हा जातच नाहीत!

हे कळलं ते आठव्या रात्री. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून पुशच्या ओळी वाचत बसलो. एक सोडून सगळ्यांपुढे 'लेयर ऑलरेडी एक्झिस्ट्स'. फक्त एक ओळ पुढे सरकत होती: ८४ एमबी. ती आमची जार. डॉकरफाइलमध्ये (इमेज कशी बनवायची त्याच्या कृतीत) टार्गेट फोल्डरातली जार उचलून आत टाकणारी जी एक ओळ असते, तिचा तो लेयर. त्यात आमचा स्वतःचा कोड एक एमबीसुद्धा नाही. बाकी सगळी स्प्रिंग, डेटाबेस ड्रायव्हर, पीडीएफची लायब्ररी, म्हणजे महिनोन्‌महिने न बदलणारा माल. पण जार म्हणजे झिप. आत एक अक्षर बदललं तरी फाइल नवी, तिचा हॅश (मजकुरावरून निघणारी खूण) नवा, म्हणून लेयरही नवा. खिळे ठोकलेल्या पेटीतलं एक फळ बदलायला आम्ही दर वेळी अख्खी पेटी नव्याने वाशीला पाठवत होतो.

नवव्या दिवशी जिब लावलं. गूगलने २०१८ साली काढलेला मेव्हन-ग्रेडलचा प्लगइन आहे. त्याला डॉकर डेमन (मागे चालत राहणारा डॉकरचा प्रोग्राम) लागत नाही, डॉकरफाइलही लागत नाही. लायब्रऱ्यांचा लेयर वेगळा, रिसोर्सेसचा वेगळा, आपल्या क्लासेसचा वेगळा. पहिला पुश पूर्ण वेळ घेऊनच गेला. दुसऱ्या वेळी मी चहाचा कप उचलला आणि खाली ठेवला, तोवर 'बिल्ड सक्सेस'. बाहेर पाऊस तसाच, हॉटस्पॉट तेच. भागीदाराला दोनदा दाखवलं.

डॉकरफाइल सोडायची नसेल तर स्प्रिंग बूट २.३ पासून, म्हणजे २०२० पासून, जारचे थर वेगळे काढता येतात. मल्टी-स्टेज (टप्प्याटप्प्याच्या) बिल्डमध्ये ते सुटे करून एकेक कॉपी करा, आधी लायब्रऱ्या, सगळ्यात शेवटी आपला कोड. क्रम उलटा केलात तर फायदा शून्य. आणि डॉकरइग्नोर फाइल (बिल्डमध्ये काय घ्यायचं नाही त्याची यादी) लिहा. आमच्याकडे गिटचं अख्खं फोल्डर प्रत्येक बिल्डला आत जात होतं.

जिबमध्ये अडचण एकच. त्याला बिल्ड करताना कमांड चालवता येत नाही, म्हणजे फॉन्ट इन्स्टॉल करता येत नाही. आम्ही फॉन्ट घातलेली बेस इमेज वेगळी बनवली, साध्या डेबियनवर, आणि फायबर आल्यावर एकदाच चढवून ठेवली. पोममध्ये तिचा डायजेस्ट (नेमक्या त्याच इमेजची खूण) लिहिलाय, 'लेटेस्ट' नाही. आमच्या इमेजच्या टॅगमध्येही आता गिट कमिटचा हॅश असतो, म्हणजे आधीची ती टॅगची भानगड संपली. हो, आणि रजिस्ट्रीचा पासवर्ड पोममध्ये नको, मेव्हनच्या सेटिंग्जमध्ये ठेवा. डॉकरफाइलमध्ये तर नकोच. पुढच्या ओळीत पुसला तरी आधीच्या लेयरमध्ये तो राहतोच.

पहिल्या आठवड्यात भागीदाराचा रात्री साडेअकराला फोन आला, घाबरलेला. सर्व्हरवर इमेज ५५ वर्षांपूर्वी बनलेली दिसतेय म्हणे. जिब मुद्दामच तारीख १ जानेवारी १९७० ठेवतं, म्हणजे कोड तोच असेल तर डायजेस्टही तोच येतो. बदलता येते, आम्ही बदलली नाही.

अल्पाइनवर घातलेले दोन दिवस मात्र बिलात लावायचं धाडस झालं नाही.