ब्रेक नसलेली रॅले

रॅले म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते ती चेनकव्हर, कॅरिअर, घंटी, डायनॅमो असा सगळा संसार घेऊन चालणारी भारदस्त सायकल. इंग्लंडमधल्या लँकेशायरचा सायकलपटू रेज हॅरिसही रॅलेवरच धावायचा. १९४९, १९५० आणि १९५१ अशी सलग तीन वर्षं, आणि पुन्हा १९५४ साली, तो व्यावसायिक स्प्रिंटमध्ये, म्हणजे सायकल ट्रॅकवरच्या छोट्या वेगवान शर्यतीत, जगज्जेता झाला. त्याच्या सायकलवर यातलं काहीच नव्हतं. ब्रेकसुद्धा.

ट्रॅकच्या सायकलीत फ्रीव्हील नसतं; म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरू देणारे आतले खटके, ज्यांना कुत्रे म्हणतात, ते नाहीत, टिकटिक नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. वेग कमी करायचा तर पायांनीच उलटा रेटा द्यायचा. असा रेटा दिला की मागचं दातेरी चक्र आट्यांवरून सुटायला बघतं. म्हणून त्याच्या बाहेरून उलट्या आट्यांची एक कडी आवळतात. चक्र सुटायला लागलं की ती आणखी घट्ट होते. ही कडी ढिली राहिली, तर ऐन वेळी पाय मागे फिरतात आणि चाक आपलं पुढेच.

त्या काळी ट्रॅकवर एक इंची कड्यांची जाडजूड साखळी सर्रास असे. पुढे २४ दाते, मागे ७ आणि चाक २७ इंची धरलं, तर पायडलच्या एका फेऱ्यात साधारण ७.४ मीटर. साखळीला मधोमध सेंटीमीटरभर ढील ठेवायची. पण पुढचं चक्र सहसा तंतोतंत गोल नसतं, त्यामुळे एका जागी साखळी ताणली जाते. चाक हळूहळू फिरवून ती जागा आधी शोधायची आणि ढील तिथे मोजायची. दुसरीकडे मोजली तर त्या जागी साखळी जाम होते.

रेशमी धाग्यांची हलकी टायरं रिमवर लाखेने चिकटवत. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग पुढचा. इथे घाई नडते: उतरत्या वळणावर टायर रिमवरून निसटलं की पुढचं सांगायला नको.

एवढं सगळं कशासाठी, तर स्प्रिंटच्या शेवटच्या २०० मीटरसाठी. घड्याळ तेवढ्याचीच वेळ टिपतं. त्याआधी दोघं स्पर्धक रेंगाळतात, एकमेकांकडे बघत जागच्या जागी उभेही राहतात. कारण जो आधी सुटतो, त्याच्या आडोशाने दुसरा वारा चुकवतो. हॅरिस हे ५४ व्या वर्षीही विसरला नव्हता. १९७४ साली त्याने ब्रिटिश स्प्रिंटचं विजेतेपद परत मिळवलं.

हल्ली अशा जुन्या सायकली रस्त्यावर आणायची हौस आहे. आणा की. पण ब्रेक बसवायला पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या डोक्याला ड्रिलने भोक पाडतात, ते काही बघवत नाही. पट्ट्याने आवळायचा ब्रेक मिळतो. भोक न पाडताही बसतो.