४०४चं पान हरवलं होतं, ते सापडलं

मागच्या अपडेटमध्ये मी छाती फुगवून लिहिलं होतं की माझ्या साइटच्या एरर पेजेसचं (काही बिघडलं की दिसणाऱ्या पानांचं) काम उरकलं. कसलं उरकलंय! ५०२चं, म्हणजे मागचं अ‍ॅप बंद असतानाचं, पान झकास दिसतंय (अ‍ॅप मुद्दाम बंद करून दहा वेळा पाहिलं, एवढं ते मला आवडलंय), पण अ‍ॅपमधली चुकीची लिंक उघडली की माझ्या ४०४च्या ('पान सापडलं नाही'च्या) पानाऐवजी तेच बोडकं 'नॉट फाउंड'. स्टॅटिक फाइलींच्या (चित्रं वगैरे तयार फाइलींच्या) भागात मात्र माझं ४०४ बरोब्बर येत होतं.

मांडणी तीच आहे, पुढे एन्जिनएक्स (विनंत्या घेऊन मागे पोचवणारा वेब सर्व्हर) आणि मागे अ‍ॅप. म्हणून पहिला संशय प्रॉक्सी_इंटरसेप्ट_एरर्स या सेटिंगवर, म्हणजे मागून आलेली एरर अडवून आपलं पान दाखवायच्या सोयीवर. हे मुळात ऑफ असतं, आणि तोवर अ‍ॅपने दिलेलं ४०४ एन्जिनएक्स जसंच्या तसं पुढे ढकलतो. ५०२ दिसायचं, कारण ते तो स्वतःच तयार करतो. अ‍ॅप मेलेलं असताना दुसरं बोलणार कोण? ऑन केलं, कॉन्फिग तपासला, रीलोड मारला. फरक शून्य.

पुढच्या दोन संध्याकाळी यातच गेल्या. ब्राउझरची कॅश उडवली. लोकेशन ब्लॉकची (कॉन्फिगमधल्या ठरावीक पाथसाठीच्या भागाची) रेजेक्स, म्हणजे पाथ जुळवायचा पॅटर्न, चुकली असेल म्हणून ती काढून साधा प्रीफिक्स (पाथची नुसती सुरुवात) घातला. अ‍ॅपवरही उगाच आरोप केले. शेवटी वैतागून एन्जिनएक्सच्या कमांडचा मोठ्या 'टी'चा (-T) पर्याय चालवला. छोटा 'टी' नुसतं 'सिंटॅक्स ठीक आहे' म्हणतो. मोठा सगळ्या इन्क्लूड फाइलींसकट पूर्ण कॉन्फिग ओकतो. तो वरपासून वाचला आणि कपाळाला हात लावला. अ‍ॅपच्या लोकेशनमध्ये मीच मागच्या वेळी ५०२, ५०३, ५०४साठी एक एरर_पेज ओळ (कोणत्या कोडला कोणतं पान, हे सांगणारी) लिहून ठेवली होती.

एरर_पेज वरच्या पातळीवरून वारशाने मिळतं, पण खालच्या ब्लॉकमध्ये त्याची एकही स्वतःची ओळ नसेल तरच. एक ओळ लिहिली की वरच्या सगळ्या गेल्या, ४०४सकट. मग इंटरसेप्ट ऑन असूनही अडवायचं काय, हेच एन्जिनएक्सला ठाऊक नाही! ती ओळ वरच्या सर्व्हर ब्लॉकमध्ये हलवली आणि पान आलं.

ब्राउझरवर विसंबू नका, कर्लने (कमांड लाइनवरून पान मागवणाऱ्या साधनाने) स्टेटस कोड बघा. सुरुवातीला मी एरर_पेजच्या ओळीत ४०४नंतर नुसतं '=' चिन्ह टाकलं होतं. पान तेच दिसायचं, पण कोड जायचा २०० ('सगळं ठीक'), म्हणजे सर्च इंजिनांच्या लेखी ते चांगलं-भलं पान. आता कर्लही ४०४ म्हणतोय. हा आनंद ज्याने भोगलाय त्यालाच कळेल.

आनंद टिकला अर्धा तास. एपीआयची (फ्रंटएंड जिथून डेटा मागतो त्या वाटेची) जेसनमधली एरर यायच्या जागी माझं सुंदर एचटीएमएल येऊ लागलं आणि फ्रंटएंड कोसळला. एपीआयच्या लोकेशनमध्ये इंटरसेप्ट पुन्हा ऑफ. त्यात फार काही नव्हतं.

खोल पाथवर सीएसएस तुटायची, कारण तिची लिंक रिलेटिव्ह, म्हणजे चालू पाथला धरून, होती. आता स्टाइल पानातच कोंबली आहे. अ‍ॅप पडलेलं असताना दिसायचं पान बाहेरच्या कशावर अवलंबून का असावं?

पुढचा बेत दर कोडला एक अशा सहा फाइली करायचा होता. पण हे लिहितानाच सुचलं: एसएसआय (पान पाठवताना सर्व्हरने त्यात मजकूर भरायची सोय) चालू करून एकाच पानात स्टेटस व्हेरिएबल छापलं तर? सहाचं एक होईल. फक्त ५०३ला ('सेवा तात्पुरती बंद') रीट्राय-आफ्टर हेडर ('थोड्या वेळाने पुन्हा या' सांगणारा) हवा, तो ४०४बरोबर जायला नको, म्हणजे त्याला वेगळं लोकेशन आलं. हेडर जोडणाऱ्या अ‍ॅड_हेडर ओळीला 'ऑलवेज' लावायचं, नाहीतर एररच्या उत्तरावर हेडर चढतच नाही.

आणि थांबा, अ‍ॅड_हेडरचा वारसाही अगदी तसाच चालतो. म्हणजे ५०३च्या लोकेशनमध्ये हा एक हेडर लिहिला की वरची सगळी सिक्युरिटी हेडर्स तिथून गायब. ती वेगळ्या फाइलीत काढून दोन्हीकडे इन्क्लूड करतो. आज रात्री तेच.