नागझिऱ्याची लाजरी वाघीण आणि दीड किलो तांदूळ

ताडोबात मी वाघाचे फोटो काढले होते आधी. तिथले काही वाघ गाड्यांना इतके सरावलेत की जिप्सीच्या बाजूने आरामात चालत निघून जातात, त्यामुळे मला वाटायचं की आपल्याला जमतं हे. नागझिऱ्याने तो माज पार उतरवला. पहिल्या तीन सफारींत माझ्या कार्डात आलं काय, तर बांबू. एकदम शार्प बांबू आणि त्याच्या मागे एक पिवळट डाग, तोच वाघ.

कारण साधं होतं पण कळायला तीन सफारी गेल्या. कॅमेऱ्याचा ऑटोफोकस बहुतेक वेळा जे सगळ्यात जवळ असेल तेच पकडतो आणि इथला वाघ कधी उघड्यावर येतच नाही, कायम काहीतरी मध्ये. मग सिंगल पॉइंट फोकस ठेवायला शिकलो, तो छोटा चौकोन फांद्यांच्या फटीतून डोळ्यावर न्यायचा. दुसरी चूक शटरची. पहाटेच्या अंधारात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची ताकद, वाढवायला घाबरायचो, फोटोत दाणे येतात म्हणून, आणि 1/100 सेकंदाच्या शटरला काढलेलं सगळं हललेलं यायचं. आता बिनधास्त आयएसओ 3200 ला जातो, दाणेदार फोटो चालतो, हललेल्याचं काहीच करता येत नाही.

जिप्सीत ट्रायपॉड लावायला जागा नसते म्हणून लेन्स टेकवायला बीनबॅग. नागपूरहून निघताना ती रिकामी नेतो आणि साकोलीच्या किराणा दुकानात दीड किलो तांदूळ घेऊन भरतो. धानाचाच मुलूख आहे, तरी दुकानदाराने विचारलं की या पिशवीत कशाला भरता जी, मी म्हटलं वाघासाठी, तर तो असा बघत राहिला की पुढे काही सांगितलंच नाही.

चौथी सफारी मे महिन्यातली, पिटेझरी गेटची. थोडं आत गेल्यावर गाईडदादांनी गाडी थांबवली आणि खाली वाकून धुळीत बघितलं. ठसे होते. मला वाटलं जुने असतील, पण ते टायरच्या खुणेच्या वर उमटलेले होते, म्हणजे रात्रीची गस्तीची गाडी गेल्यानंतर इथून कोणीतरी चालत गेलं होतं. ठसा जरा लांबट, म्हणून दादा म्हणाले मादी आहे. मे 2023 मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी इथे आणून सोडल्या होत्या, मला लगेच वाटलं त्यातलीच असेल, तर दादा म्हणाले, "कोनती का असंना सर, लाजरी हाये ते. मागं नाही लागाचं."

पुढच्या पाणवठ्यापासून चांगली पन्नास-साठ मीटर लांब गाडी लावली आणि इंजिन बंद. मला जवळ जायचं होतं, खरं सांगतो, मी दोनदा म्हटलं पण. दोन गाड्या आल्या, दहा मिनिटं थांबल्या, "काही नाही इथे" म्हणत निघून गेल्या. चिलटं डोळ्यात शिरत होती. पाऊण तास काही नाही, मग डावीकडून सांबराचा धोक्याचा कॉल आला, एकच. चितळं उगाच पण ओरडतात, सांबर ओरडलं की दादा सावरून बसतात.

ती कधीची बांबूत उभी होती कोण जाणे. मला आधी फक्त कान दिसला, कानामागचा पांढरा ठिपका, माशी बसली की हलायचा. बाकी सगळे पट्टे बांबूच्या सावलीत मिसळलेले. मी घाईत क्लिक केलं आणि सायलेंट शटर लावायचंच विसरलो होतो, खटखटखट असा पाठोपाठ फोटोंचा बर्स्ट सुटला. कान सरळ आमच्याकडे वळले. दादांनी माझा गुडघा दाबून धरला, एक शब्द बोलले नाहीत, पण मला जे कळायचं ते कळलं.

मग वीसेक मिनिटं ती तिथे आणि आम्ही इथे. मी कॅमेऱ्यावरून हात काढून घेतला होता. शेवटी ती निघाली, पाण्यापाशी आली, वळली आणि उलटी होऊन आधी मागचे पाय पाण्यात घालत बसली. वाघ असेच पाण्यात बसतात हे वाचलं होतं, पण बघताना एखादी आजी जपून घंगाळात उतरतेय असं वाटलं. तोंड आमच्याच बाजूला. अकरा फ्रेम मिळाल्या. बारावीच्या आधी वळणावरून एक जिप्सी भरधाव आली आणि ती एका उडीत गायब.

राग आला, पण कोणावर काढणार. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाटच अडवली होती, हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली त्याची. त्या गाड्यांत पण माझ्यासारखेच मोठ्या लेन्सवाले असणार, आणि त्या दिवशी दादांनी माझं ऐकून गाडी जवळ नेली असती तर मीही त्यांच्यातलाच एक.

पाण्यातल्या अकरांपैकी दहा फ्रेम साध्याच आहेत. आवडते दोन, आणि त्यातला एक पाण्यातला नाहीच, तो बांबूतला आहे, खटखटखटवाला. एक डोळा, एक कान, बाकी सगळा बांबू. घरच्यांना मोबाईलवर दाखवला तर बायको म्हणाली वाघ कुठाय.

तांदूळ तिने डोशाला भिजवले. पहिलं पाणी लाल निघालं, चौथ्याला कुठे नितळ आलं.